उतरायचं कुठे? : वाहतूक-नकाशांच्या रचनेविषयी

दादर स्थानकात डिसेंबर २०२३ पर्यंत एक नंबरचे फलाट दोन होते. एक पश्चिम रेल्वेचा, दुसरा मध्य रेल्वेचा. ‘एक नंबरला थांब, मी आलोच’ असं फोनवर ठरलं, की दोन माणसं दोन वेगळ्या एक नंबरांवर उभी राहून एकमेकांची वाट पाहत असत. नवखा माणूस पुलावरून उतरताना आकडा बरोबर वाचे आणि तरीही चुकीच्या रेल्वेच्या फलाटावर जाऊन पोचे. मग ९ डिसेंबरपासून नवे क्रमांक लागू झाले. पश्चिम रेल्वेचे फलाट एक ते सात तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे आठ ते चौदा झाले. या बदलासाठी एकही रूळ हलवावा लागला नाही, नवा जिना बांधावा लागला नाही. पाट्या रंगवल्या, उद्घोषणा बदलल्या, दर्शकफलकांवरचे आकडे बदलले, आणि कित्येक दशकांचा घोळ निस्तरला गेला.

प्रवाशाला माहिती कोणत्या रूपात द्यायची, हा विषय बहुतेकांना नकाशाच्या सुबकपणाचा वाटतो. मूळ प्रश्न निर्णयाचा आहे. गाडी येण्याआधी पंधरा सेकंदांत, धक्के खात, हातात पिशवी आणि कडेवर मूल असताना माणसाला काहीतरी ठरवायचं असतं: चढू की थांबू, इकडून की तिकडून, इथे उतरू की पुढे. त्या क्षणी डोळ्यांसमोर काय असेल, हे कुणीतरी महिनोन्‌महिने आधी, टेबलाशी बसून ठरवलेलं असतं. त्या ठरवण्याच्या कामाची ही ओळख आहे.

रस्ता म्हणजे नावांची माळ, ही समज फार जुनी आहे. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी पंढरपूरला कशी पोचते, असं वारकऱ्याला विचारलं तर तो दिशा सांगत नाही, मुक्काम सांगतो. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. सासवड पुण्याच्या कोणत्या अंगाला आहे हे चालणाऱ्याला कळलं नाही तरी अडत नाही. आज कुठे टेकायचं आणि उद्या किती चालायचं, एवढं कळलं की त्याचं भागतं.

रोमन साम्राज्याच्या रस्त्यांचा एक नकाशा मध्ययुगीन नकलेच्या रूपात व्हिएन्नात जपलेला आहे. ‘ताबुला पॉइटिंगेरिआना’ हे त्याचं नाव. लांबी पावणेसात मीटरच्या आसपास, उंची मात्र जेमतेम चौतीस सेंटिमीटर. भूमध्य समुद्र त्यात दाबला जाऊन कालव्यासारखा झाला आहे. आकार सगळे बिघडलेले, पण गावांचा क्रम आणि दोन गावांमधलं अंतर आकड्यांत लिहिलेलं. पूर्वेच्या टोकाला भारतही आहे, आणि त्यात केरळच्या किनाऱ्यावरचं मुझिरिस बंदर. १६७५ साली इंग्लंडमध्ये जॉन ऑगिल्बी याने याच विचाराला मोजमापाची जोड दिली. त्याच्या ‘ब्रिटानिया’ या ग्रंथातल्या शंभर पानांवर रस्ते उभ्या पट्ट्यांत मांडले आहेत, जणू गुंडाळी उलगडत जावी तसे. एका मैलाला एक इंच हे प्रमाण, आणि प्रत्येक पट्टीवर स्वतंत्र दिशाचक्र. रस्ता वळला तरी पट्टी सरळच राहते, वळतं ते दिशाचक्र. प्रवाशाला आपला रस्ता नेहमी समोर सरळ दिसतो, ही गोष्ट त्याने ओळखली होती. आज गाडीतल्या पडद्यावरचा नकाशा चालकाच्या तोंडाकडे फिरतो, तोही याच ओळखीवर.

त्या मानाने आगगाडीच्या नकाशांनी हे धैर्य दाखवायला वेळ घेतला. लंडनच्या भुयारी रेल्वेचे १९२० च्या दशकातले नकाशे भूगोलाशी प्रामाणिक होते आणि त्यामुळेच वाचायला अवघड होते. शहराच्या मध्यात स्थानकं खेटून, म्हणून तिथे नावांची गर्दी. उपनगरांत स्थानकं दूरदूर, म्हणून रेषा कागदाबाहेर पळायच्या. मार्ग जसजसे लांबत गेले तसतशी ही अडचण वाढत गेली.

१९३१ साली हॅरी बेक या एकोणतीस वर्षांच्या आरेखकाने तिच्यावर उपाय शोधला. सिग्नल विभागाच्या कचेरीत तो तांत्रिक आरेखनं काढत असे. त्या सुमारास त्याची नोकरी सुटली होती. वहीच्या कागदावर पेन्सिलीने आणि रंगीत शाईने त्याने जे पहिलं रेखाटन केलं, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. कागद साधा, रेघा खोडलेल्या, पण सगळी कल्पना त्यात आहे. रेषा आडव्या, उभ्या किंवा पंचेचाळीस अंशांत तिरक्या. स्थानकांमधली अंतरं जवळपास सारखी. मध्यभाग भिंगाखाली धरल्यासारखा मोठा आणि उपनगरं आत ओढलेली. जमिनीवरचं सगळं पुसलेलं. उरली ती फक्त थेम्स नदी, तीही कोन पाळणारी.

प्रसिद्धी विभागाने हा कागद पहिल्यांदा परत केला. अंतरं दाखवायचीच नाहीत, ही गोष्ट त्यांना फार धाडसाची वाटली. बेक पुढच्या वर्षी पुन्हा गेला. मग पाचशे प्रती प्रयोग म्हणून वाटल्या गेल्या आणि जानेवारी १९३३ मध्ये सुमारे सात लाख घडीच्या प्रती निघाल्या. महिनाभरात पुन्हा छापाव्या लागल्या. अधिकाऱ्यांना जी अडचण वाटली होती ती प्रवाशांना वाटलीच नाही. जमिनीखाली बसलेल्या माणसाला खिडकीबाहेर काळोखच दिसतो. वर कोणता चौक आहे यापेक्षा कितवं स्थानक आणि कुठे गाडी बदलायची, हेच त्याला हवं असतं.

बेकची थोरवी सरळ रेषांत आहे असं अनेक ठिकाणी लिहिलं जातं. त्याहून मोठी गोष्ट त्याची चिकाटी आहे. पुढची जवळपास तीन दशकं तो हा नकाशा सुधारत राहिला. नवा फाटा आला की सगळी मांडणी पुन्हा जुळवायची, गाडी बदलण्याच्या स्थानकासाठी आधी चौकटीचं चिन्ह, मग वर्तुळ, मग वर्तुळं जोडणारी पांढरी रेघ. १९६० मध्ये त्याला न विचारता दुसऱ्याने काढलेला नकाशा भिंतींवर लागला. त्यात कोन टोकदार झाले होते आणि नावं रेषांच्या मध्ये अडकून तुटली होती. काही वर्षांत तो मागे घेऊन पुन्हा बेकच्या वळणाचा नकाशा आणावा लागला, पण बेकला बोलावणं आलं नाही. १९७४ मध्ये तो वारला. मूळ कल्पना त्याची, असा उल्लेख नकाशाच्या कोपऱ्यात छापला जाऊ लागला तो १९९७ पासून. केन गार्लंड या आरेखकाने १९९४ मध्ये त्याच्यावर छोटं पुस्तक लिहून हा सगळा व्यवहार उजेडात आणला नसता, तर कोट्यवधी लोकांनी हाताळलेल्या कागदाचा कर्ता निनावीच राहिला असता.

सारख्या अंतरांची किंमतही मोजावी लागते. लंडनमधली लेस्टर स्क्वेअर आणि कोव्हेंट गार्डन ही स्थानकं एकमेकांपासून सुमारे अडीचशे मीटरवर आहेत. नकाशावर मात्र ती इतर कुठल्याही दोन स्थानकांइतकीच दूर दिसतात, आणि परक्या गावचे लोक तिकीट काढून, जिने उतरून, गाडीची वाट पाहून तो प्रवास करतात. न्यू यॉर्क विद्यापीठातले संशोधक झान गुओ यांनी लंडनच्या प्रवाशांच्या नोंदी तपासून २०११ मध्ये दाखवून दिलं, की मार्ग निवडताना लोकांवर नकाशातल्या लांबीचा परिणाम प्रत्यक्ष लागणाऱ्या वेळेपेक्षा जवळजवळ दुपटीने होतो. रोज जाणारी माणसंही घड्याळापेक्षा कागदावर भिस्त ठेवतात. म्हणजे एखादी रेघ दोन सेंटिमीटर आखूड काढली तर हजारो माणसं त्या बाजूने वळतात. पुढे लंडनच्याच वाहतूक प्राधिकरणाने स्थानकांमधलं चालायचं अंतर मिनिटांत दाखवणारा निराळा नकाशा काढला. पहिल्या नकाशाने जे झाकलं होतं ते दुसऱ्याने उघडं केलं, आणि हे प्राधिकरणाने स्वतः होऊन केलं याचं कौतुक करायला हवं.

सप्टेंबर २००९ मध्ये नकाशा मोकळा करण्याच्या हेतूने थेम्स नदी काढून टाकण्यात आली. गाडी बदलायला नदीचा काही उपयोग नाही हे तर्काला धरून होतं. तरी लोक चिडले, महापौरांनी हस्तक्षेप केला आणि डिसेंबरात नदी परत आली. शहरातली माणसं ‘नदीच्या अलीकडे’ आणि ‘नदीपलीकडे’ असंच बोलतात. पुण्यात मुठेला जे स्थान आहे, ते तिथे थेम्सला. तेवढी एक निळी पट्टी गेली आणि नकाशाचं शहराशी असलेलं नातंच तुटल्यासारखं वाटलं.

न्यू यॉर्कची कथा याच्या उलट वळणाने गेली, आणि ती समजून घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १९७२ मध्ये इटलीहून आलेल्या मास्सिमो विन्येल्ली यांनी तिथल्या भुयारी रेल्वेचा नकाशा नव्याने रचला. प्रत्येक मार्गाला स्वतःची रंगीत रेघ, प्रत्येक थांब्याला एक काळा ठिपका. ठिपका असेल तर गाडी थांबते, नसेल तर थांबत नाही. जलद आणि धिम्या गाड्या एकाच भुयारात शेजारी शेजारी धावणाऱ्या शहरात हा नियम अतिशय स्वच्छ होता. कागदही देखणा होता, इतका की पुढे तो न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात गेला. पण लोकांनी तो स्वीकारला नाही. सेंट्रल पार्क प्रत्यक्षात सुमारे चार किलोमीटर लांब आणि आठशे मीटर रुंद असा लांबट आयत आहे. नकाशात तो चौकोनाजवळ गेला आणि रंग करडा झाला. पाणी निळ्याऐवजी फिकट मातकट झालं. पन्नासाव्या रस्त्यावरची दोन स्थानकं पूर्व-पश्चिम उलटी पडली.

लंडनमध्ये जी मोकळीक चालली ती इथे का चालली नाही? लंडनचे रस्ते वेडेवाकडे आहेत, तिथल्या माणसाच्या डोक्यात शहराचं एकसंध चित्र क्वचितच असतं. मॅनहॅटनमध्ये रस्त्यांना क्रमांक आहेत, चौकटी आखलेल्या आहेत. पन्नासावा रस्ता कुठे आणि आठवा अ‍ॅव्हेन्यू कुठे हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. जिना चढून वर आल्यावर त्याच्या मनातली चौकट आणि हातातला कागद जुळले नाहीत की त्याला आपण फसवले गेलो असं वाटतं. एप्रिल १९७८ मध्ये कूपर युनियनच्या सभागृहात विन्येल्ली आणि नव्या नकाशाच्या समितीचे प्रमुख जॉन टॉरनॅक यांच्यात जाहीर वाद झाला. रेल्वेच्या नकाशावरून सभागृहात वाद घालणारं शहर आपल्या वाहतुकीवर किती जीव लावत असेल! १९७९ मध्ये मायकेल हर्ट्झ यांच्या संस्थेने काढलेला, रस्ते आणि बागा दाखवणारा नकाशा आला आणि चाळीसहून अधिक वर्षं टिकला. एप्रिल २०२५ मध्ये त्याच्या जागी पुन्हा विन्येल्लींच्या वळणाची, सरळ रेषांची आकृती आली. मधल्या काळात प्रत्येकाच्या खिशात रस्त्यांचा नकाशा दाखवणारा फोन आला होता. भूगोलाची जबाबदारी फोनने उचलली, तेव्हा भिंतीवरच्या नकाशाला फक्त गाड्यांविषयी बोलण्याची मुभा मिळाली.

इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मॅक्सवेल रॉबर्ट्स यांनी अशा वादांत मोजमाप आणलं. पॅरिसच्या मेट्रोचा त्यांनी निव्वळ वक्ररेषांनी बनलेला नकाशा तयार केला आणि लोकांना प्रवास आखायला दिला. अधिकृत सरळ-तिरक्या नकाशापेक्षा वक्ररेषांवर लोकांना मार्ग लवकर सापडले. गंमत अशी, की कोणता नकाशा आवडला या प्रश्नाचं उत्तर आणि कोणत्या नकाशावर काम लवकर झालं याचं उत्तर जुळेना. पंचेचाळीस अंशांचा नियम बेकने लंडनसाठी वापरला होता. पॅरिसच्या मार्गांना इतकी वळणं आहेत, की तोच नियम तिथे रेषांच्या मोडक्या काड्या करतो. जगभरच्या मेट्रोंनी मात्र तो नियम धर्मासारखा पाळला.

बर्लिनमध्ये नकाशाने राजकारणाचा भार वाहिला. १९६१ मध्ये भिंत उभी राहिल्यावर पश्चिम बर्लिनच्या दोन भुयारी मार्गांचा काही भाग पूर्व बर्लिनखालून जात राहिला. गाड्या तिथे थांबत नसत, अंधुक उजेडातल्या सशस्त्र पहाऱ्याच्या फलाटांवरून हळू सरकत. पश्चिमेच्या नकाशात ती स्थानकं होती, ‘इथे गाड्या थांबत नाहीत’ या खुणेसह. पूर्वेच्या नकाशात ते मार्गच नव्हते. पायाखाली दर काही मिनिटांनी गाडीची धडधड ऐकू येणाऱ्या लोकांच्या हातात, ती गाडी नसलेला नकाशा होता.

वाचता न येणाऱ्याचं काय, हा प्रश्न मेक्सिको सिटीने फार मनापासून सोडवला. तिथली मेट्रो १९६९ मध्ये सुरू झाली तेव्हा शहरात निरक्षर माणसं पुष्कळ होती. लान्स वायमन या अमेरिकी आरेखकाच्या नेतृत्वाखाली प्रत्येक स्थानकाला चित्र दिलं गेलं. चापुलतेपेक म्हणजे तिथल्या जुन्या नाहुआत्ल भाषेत नाकतोड्याची टेकडी, म्हणून तिथे नाकतोडा. पिनो सुआरेझ स्थानक खणताना वायुदेवतेचं एक लहान प्राचीन देऊळ सापडलं, म्हणून तिथे त्या देवळाची आकृती. माणूस आईला सांगू शकतो, की नाकतोड्यापाशी उतर. टोकियोने २००४ पासून दुसरी वाट घेतली: मार्गाला अक्षर, स्थानकाला क्रमांक. जपानी लिपी न येणाऱ्यालाही आठ गेलं, आता नऊ, एवढं मोजता येतं.

मुंबईच्या लोकलमध्येही अशी चित्रलिपी वर्षानुवर्षं चालत आली आहे, फक्त तिला कुणी रचना म्हणत नाही. प्रथम वर्गाच्या डब्यावर लाल-पिवळे तिरके पट्टे, महिलांच्या डब्यावर हिरवे-पिवळे, आणि फलाटावर तो डबा जिथे येणार तिथेही तेच पट्टे. धावत जिना उतरणारी बाई अक्षरं वाचत नाही, रंग पाहून वळते. दर्शकफलकावर ‘बो’ दिसलं की बोरिवली, शेजारी जलद की धिमी, बारा डब्यांची की पंधरा. ‘बेस्ट’च्या बसच्या कपाळावर देवनागरी आकडे दिसतात आणि बाजूला रोमन, कारण समोरून बस ओळखणारा रोजचा माणूस वेगळा आणि जवळ येऊन वाचणारा वेगळा.

देवनागरी नकाशाचे स्वतःचे प्रश्न आहेत आणि त्यांच्याकडे हवं तितकं लक्ष गेलेलं नाही. आपल्या लिपीत वेलांट्या आणि मात्रा शिरोरेषेच्या वर जातात, उकार खाली लोंबतात, त्यामुळे त्याच उंचीच्या ओळीत अक्षराचं अंग लहान करावं लागतं. लंडनचं लहान ठसठशीत नाव जिथे बसतं तिथे ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ बसवायचं आहे, तेही बहुधा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. मराठी आणि हिंदीची लिपी एकच असल्याने ‘शीव’ आणि ‘सायन’ ही एकाच स्थानकाची नावं शेजारी शेजारी उभी राहतात आणि परका माणूस ती दोन ठिकाणं समजतो. नाव तिरकं लिहिलं की शिरोरेषा मार्गाच्या रेषेशी स्पर्धा करू लागते. लंडनकडे १९१६ पासून एडवर्ड जॉन्स्टन यांनी खास भुयारी रेल्वेसाठी घडवलेलं अक्षरवळण आहे. मुंबईच्या लोकलला, मेट्रोला आणि बसला मिळून एक देवनागरी वळण मिळालं, तर ती या शहराला मिळालेली मोठी देणगी ठरेल.

नकाशा फक्त जागा दाखवतो असं नाही. शार्ल जोसेफ मिनार या फ्रेंच अभियंत्याने १८४५ मध्ये दिजाँ आणि म्युलूझ या गावांमधल्या रस्त्यांवरून किती प्रवासी जातात हे रेषेच्या जाडीने दाखवलं. लोहमार्ग कुठून न्यावा यावर तेव्हा वाद चालू होता. कोणत्या रस्त्यावर खरोखर माणसं आहेत हे आकड्यांच्या तक्त्यात लपून राहिलं असतं, जाड रेघेत ते दडवता येईना. हेच मिनार पुढे नेपोलियनच्या रशियास्वारीत विरत गेलेल्या सैन्याच्या १८६९ च्या आलेखामुळे जगभर ओळखले गेले. त्याआधी वाहतूक हीच त्यांची पाटी होती.

वेळेची आकृती त्याहून कमी लोकांनी पाहिली आहे, आणि तिच्यावर तर सगळी रेल्वे चालते. आडव्या अक्षावर तास, उभ्या अक्षावर स्थानकं, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. एत्येन-ज्युल मारे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिस ते लिऑं मार्गाचा असा आलेख छापला, त्याचं श्रेय त्यांनी ईब्री नावाच्या अभियंत्याला दिलं. गाडी जितकी वेगवान तितकी रेघ उभट. गाडी थांबली की रेघ आडवी. भारतीय रेल्वेच्या नियंत्रण कक्षांत नियंत्रकांनी वर्षानुवर्षं पेन्सिलीने अशाच तक्त्यावर गाड्या ओढल्या आहेत, आता ते काम बऱ्याच ठिकाणी संगणकाच्या पडद्यावर गेलं आहे. कोकण रेल्वे बहुतांश एकेरी आहे, त्यामुळे समोरासमोरच्या दोन रेघा कागदावर जिथे छेदतात तिथे स्थानक असलंच पाहिजे. गणपतीला गावी निघालेलं कुटुंब लहानशा स्थानकात अर्धा तास खोळंबतं, पोरं कंटाळतात, कुणीतरी ‘क्रॉसिंग आहे’ एवढंच सांगतं. नियंत्रकाच्या तक्त्यावर तो अर्धा तास एक छोटी आडवी रेघ असते, आणि तिच्या शेवटाला येणारी दुसरी गाडी स्पष्ट दिसत असते. हा तक्ता सोपा करून डब्यातल्या माणसाला दाखवला तर त्याचा वैताग निम्मा होईल. न दिसणाऱ्या कारणासाठी थांबणं आणि दिसणाऱ्या कारणासाठी थांबणं यांत फार फरक असतो.

मुंबईचा नकाशा मुख्यतः तोंडी आहे. मुंबई सेंट्रल हे स्थानक पश्चिम मार्गावर आहे आणि सेंट्रलची गाडी तिथे जात नाही. माटुंगा वेगळं आणि माटुंगा रोड वेगळं. परळ आणि प्रभादेवी ही दोन रेल्वेंची दोन स्थानकं, पण पूल ओलांडला की एकच जागा. हे ज्ञान आत्यापासून भाच्याकडे, मेसमधल्या सोबत्यापासून नव्या पोराकडे जातं. त्यात कागदी नकाशात कधीच नसलेल्या गोष्टी असतात. ठाण्याला मधल्या पुलाला लागायचं तर कितव्या डब्यात बसायचं, फलाट कोणत्या हाताला येणार, सकाळी डोंबिवलीला जागा हवी तर कोणती गाडी सोडून कोणती धरायची. सचिन टेके यांच्या ‘एम-इंडिकेटर’ या अ‍ॅपने मुंबईकरांच्या मनात घर केलं ते याच कारणाने: त्याने प्रवाशाचे खरे प्रश्न ओळखले आणि फलाट कोणत्या बाजूला येईल हेही सांगितलं. पवईच्या आयआयटीतल्या अभिकल्प विभागात प्राध्यापक मंदार राणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकल, मेट्रो आणि मोनो एका आकृतीत आणणारा मुंबईचा रेल्वे नकाशा रचला. शहराला एकसंध पाहण्याचा हा अभ्यास वेळेवर झाला, कारण तोंडी ज्ञान आता अपुरं पडू लागलं आहे.

मेट्रो आल्यापासून ते अपुरेपण ठळक झालं आहे. वर्सोवा ते घाटकोपर ही पहिली मार्गिका जून २०१४ मध्ये सुरू झाली, २ अ आणि ७ या मार्गिका २०२२ मध्ये, आणि कफ परेडला जाणारी भुयारी मार्गिका ३ ही ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. चालवणाऱ्या संस्था वेगळ्या, प्रत्येकीची पाटी वेगळी. पिवळ्या २ अ मार्गिकेचं शेवटचं स्थानक ‘अंधेरी पश्चिम’ आहे, पण ते अंधेरीच्या रेल्वे स्थानकाला लागून नाही. ते जोडलेलं आहे निळ्या मार्गिकेच्या ‘डी. एन. नगर’ला. म्हणजे गाडी बदलण्याची जागा एक आणि नावं दोन. लाल ७ च्या ‘गुंदवली’चं तसंच: पादचारी पुलावरून पलीकडे गेलं की निळ्या मार्गिकेचं स्थानक लागतं, त्याचं नाव ‘वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे’. रंग हीच एकमेव खूण धरली तर रंगांधळ्या माणसाची आणखी पंचाईत. लंडनमध्ये त्यांच्यासाठी निव्वळ काळ्या-पांढऱ्या नक्षीचा नकाशा मिळतो, इथेही तो करायला फारसा खर्च येणार नाही.

दहिसर पूर्वेहून पहिल्यांदाच मेट्रोने घाटकोपरला निघालेली एखादी बाई डोळ्यांसमोर आणावी. तिला घाटकोपरच्या दवाखान्यात साडेदहाला पोचायचं आहे. तिला लाल गाडीत बसायचं आहे, गुंदवलीला उतरायचं आहे, पूल ओलांडायचा आहे, आणि ज्या स्थानकाचं नाव तिने अजून ऐकलेलंही नाही तिथून निळी गाडी धरायची आहे. हे सगळं तिला गुंदवलीच्या पुलावर, माणसांच्या लोंढ्यात उभं राहून नव्हे, तर दहिसरला डब्यात बसल्यावर, दारावरच्या पट्टीकडे एकदा मान वर करून पाहिल्यावर कळायला हवं. त्या पट्टीवर गुंदवलीच्या ठिपक्याशेजारी दुसऱ्या नावाला आणि निळ्या रेघेला पुरेल इतकी जागा ठेवता येते.